तू माग बंद केलेस त्या दिवशी

आई, पुढच्या आठवड्यात मला भाषण करायचंय, तेही मोठ्या हॉलमध्ये. पोस्टरवर पृथ्वीचा गोळा आहे आणि खाली लिहिलंय, बायकांवरचा अत्याचार साऱ्या जगाला ऐकू गेला पाहिजे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जगाचं ऱ्हाऊ दे, गल्लीचं काय?" भाषण लिहायला बसले आणि लिहितेय तुला.

बाहत्तरच्या दुष्काळात मोडनिंब गाव सोडून आपण शहरात, शुक्रवार पेठेत खोली घेतली. तू चादरींच्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायला जायचीस, शाळेला सुट्टी असली की मीही. मालकाचं घर कारखान्याला लागूनच, मध्ये एक दार. मालक आत गेला आणि दार लागलं की तू मान वर करायचीस. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तिथे बंद दाराआडचं काय कळणार? पण मालकीणबाई पाणी द्यायला आली की तू तिच्या मनगटाकडे बघत राहायचीस. मला तुझा राग यायचा. नको तिथे कशाला बघायचं?

त्या दुपारी मालक मागाचा चामडी पट्टा हातात घेऊन आत गेला. तू उठलीस. मला वाटलं, पाणी प्यायला. तू भिंतीपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढलास. सगळे माग एकदम थांबले आणि आतला आवाज कारखानाभर आला. तो कसा होता, ते मला अजून सांगता येत नाही.

मालक बाहेर आला. "कुणी बंद केलं?"

"मी," तू म्हणालीस. "आतलं ऐकू येत न्हवतं."

तो पट्टा उगारून तुझ्या अंगावर आला, तेव्हा मागावरचा म्हातारा तेलुगू विणकर मध्ये उभा राहिला. "वद्दु, मालक. नको," एवढंच म्हणाला. तेवढ्यात तू सरळ आत गेलीस. मालकीणबाईला हाताला धरून बाहेर आणलंस. "चल बाई, चपला ऱ्हाऊ दे की," म्हणालीस, आणि तिला माहेरी जायला अक्कलकोटच्या गाडीत बसवून आलीस. ती पुन्हा त्या घरात आली नाही.

तुझं काम गेलं. संध्याकाळी ते अण्णांना कळलं. नवरा म्हणून अण्णा तरी मालकापेक्षा कुठे वेगळे होते? आपल्या खोलीला पत्र्याची भिंत, मध्ये एकही माग नाही. शेजारणीचं भांडी घासणं थांबलं, समोरचा रेडिओ बंद झाला. सगळी गल्ली ऐकत होती. कुणी आलं नाही.

भाषणात मी मेन स्विचपर्यंतच सांगेन. लोक टाळ्या वाजवतील. पुढचं फक्त तुला सांगते, आणि हा कागदही घडी करून ठेवणार आहे. मी कोपऱ्यात बसून दाराकडे बघत होते. कुणीतरी आत येईल, तुला हाताला धरून बाहेर नेईल, याची वाट बघत होते. आई, ते येणारं माणूस म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तूच होतीस.