खातं ज्याचं, दोष त्याचा

४ जानेवारी

आज एका पोरीला कायमचं बाहेर काढलं. दोन मिनिटांचं काम.

नाव प्रांजल. मेढ्याकडची, वय सतरा लिहिलंय. खेळात चहाची टपरी चालवायची. काल तिच्या खात्यावरून एक पुरुषी आवाज आला आणि पेट्रोल पंपावरच्या सोनमला त्यानं दहा मिनिटं जे काय ऐकवलं ते इथं लिहिणार नाही. रेकॉर्डिंग आहे. सोनम खेळ सोडून गेली. परत येणार नाही म्हणाली.

'तिकाटणं' हा आमचा सर्व्हर. औंधच्या बिरदेवनं सुरू केला. कॉम्प्युटरमध्ये एक अख्खं गाव आहे, माणसं तीनशे, सगळी मराठी. ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं आणि माइकवर त्या पात्रासारखंच बोलायचं, वागायचं. कुणी ट्रक चालवतो, कुणी दवाखाना. मी फौजदार. फौजदार राणू! माझी शिट्टी वाजली की दहाचाकी ट्रक जागच्या जागी थांबतो.

आणि वागणुकीचे नियम माझे. चौदाच्या चौदा मीच लिहिलेत. लग्नाआधी शिरवळला कंपनीत होते तेव्हा कामगारांच्या नोटिसा मी काढायचे, तो हात अजून आहे. बिरदेव म्हणाला होता, अक्का, तुमास्नी सरकारी भाषा येती, तुमीच लिवा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मी खरोखरची सरपंच आहे ते! सांगितलं नाही कधी. नियम पाच — बाहेरचं आत आणायचं नाही.

आणि नियम नऊ — एक खातं, एक माणूस. तुमच्या खात्यावरून दुसऱ्या कुणी काहीही केलं तरी खातं ज्याचं, दोष त्याचा.

प्रांजलचा अर्ज आला. मी नव्हते अक्का, भावानं फोन हिसकावला, पासवर्ड सांग म्हणून हात पिरगाळला, घरात त्याचंच चालतं, मी काय करणार होते? मी नियम नऊ चिकटवला आणि दिला पाठवून. तिनं लिहिलं, 'बरं.'

बरं म्हणे! राग आला तिचा. एवढं मिळमिळीत राहायचं तर चार माणसांत यायचं कशाला?

६ जानेवारी

पंचायतीची मासिक बैठक झाली. झाली म्हणजे, मला संध्याकाळी कळलं. मी कणीक मळत होते. मामंजी आले, पायावर पाणी घेतलं आणि सासूबाईंना, आमच्या आत्यांना, म्हणाले, मिटिंग झ्याक झाली.

दीड वर्ष झालं. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा मामंजींनी माझा फॉर्म भरला. मला कळलं ते फोटो पाहिजे म्हणून. पोस्टरवर मामंजी हात जोडून केवढे मोठे, आणि मी खाली कोपऱ्यात, डोक्यावर पदर. निवडून आले तेव्हा मात्र मनातून लय खूश झाले होते. खोटं कशाला लिहू?

पहिला महिना ऑफिसला गेले. माझ्या खुर्चीवर मामंजी बसायचे आणि मी कपाटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मग ते म्हणाले, तू कशाला तरास घेतीस पोरी, मी हाय की. आधी रजिस्टर घरी यायचं, मी सही करायचे. मग तेही बंद. आता माझी सही तेच करतात. माझ्यापेक्षा झोकदार करतात, खाली दोन टिंबंसुद्धा देतात. कॉम्प्युटरवरच्या सहीचा तो डोंगल त्यांच्या बंडीच्या खिशात, चुन्याच्या डबीशेजारी.

गावात सरपंच म्हणजे मामंजी, हंबीरराव. मी वहिनी.

७ जानेवारी

प्रांजलचा दुसरा अर्ज. उघडला नाही.

९ जानेवारी

दुपारी दोन ते चार माझे. आत्या आडव्या होतात, मामंजी पंचायतीत. ह्यांनी, धैर्यशीलनी, मिलिटरीच्या कॅन्टीनमधून घेऊन दिलेला लॅपटॉप उघडायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि दोन तास फौजदार व्हायचं.

आज एक ट्रकवाला भेटला. परवा गोळी लागून मेला होता, आज मारणाऱ्याच्या घरापुढं कुऱ्हाड घेऊन उभा! मी म्हटलं, नियम चार वाच. मेल्यावर मागचं आठवायचं नाही. तू परवा मेलायस रं गड्या, मेलेल्याला कसलं वैर? तो म्हणतो, फौजदारसाहेब, मेलो तरी अपमान ध्येनात राहतो की! अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी कुऱ्हाड टाकली आणि 'चुकलं साहेब' म्हणाला.

हसून हसून पोट दुखलं. मग आत्यांनी चहाला हाक मारली.

१३ जानेवारी

आज जे झालं ते लिहायलाच पाहिजे.

मागच्या दाराशी धोंडुबाई आली. माण तालुक्यातली मेंढरंवाली. दरसाल दिवाळी झाली की आमच्या गायरानात त्यांचा पाल पडतो. तिच्या सासूच्या काळापासून येतात म्हणे. हातात एक कागद, घामानं भिजलेला. मला म्हणाली, वाचून दाव.

वाचला. ग्रामपंचायतीचा ठराव — गायरानात क्रीडांगण होणार, सबब मेंढपाळांनी पाल काढून सत्तावीस तारखेपर्यंत जागा मोकळी करावी, यापुढे गावच्या हद्दीत कळप बसवू नये. खाली शिक्का. वर सही, दोन टिंबांसकट.

कोकरं चार दिवसांची आहेत, म्हणाली. इतक्यात चालायची न्हाईत, वाटंनंच मरत्याल. पुढच्या गावांनी आधीच हाकललंय. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "सही तुजीच हाय न्हवं, बाई?"

मी म्हटलं, "मी नाही केली मावशी. मामंजींनी केली. सगळं त्यांच्याकडं असतं. घरात त्यांचंच चालतं, मी काय करणार?"

तोंडातून शब्द गेले आणि मला मेढ्याची पोरगी ऐकू आली. शब्दाला शब्द तीच!

धोंडुबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कागदाची घडी घालत म्हणाली, "माज्या मेंढरानं कुणाचा ऊस खाल्ला तर मी म्हनत न्हाई बाई, की मेंढरानं खाल्ला, मी काय करू. मेंढरू माजं हाय. दंड मी भरती."

आणि गेली.

दुपारी लॅपटॉप उघडला. प्रांजलचा दुसरा अर्ज वाचला. दोनच ओळी. 'अक्का, खातं नका देऊ, पण सोनमताईला सांगा की मी तशी नाही. टपरीवर मला सगळे मालकीण म्हणायचे, तेवढंच होतं मला.'

फौजदार राणू आज ड्यूटीवर गेली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. सतरा बायकांना वाण दिलं. सतराही जणी 'सरपंचीणबाई' म्हणाल्या आणि हसल्या. गोड बोलायचं म्हणे! माझ्या तोंडाला आज कारल्याची चव आहे.

१६ जानेवारी

बिरदेवशी बोलले. म्हटलं, त्या पोरीला आत घे, चूक तिची नव्हती. तो म्हणाला, अक्का, आज तिला सोडलं तर उद्या ज्यो त्यो भावाचं नाव सांगंल. आन सोनमचं काय? तिनं शिव्या खाल्ल्या त्या खोट्या व्हत्या का?

बरोबर आहे त्याचं. नियम बरोबरच आहे, तेच तर वाईट आहे! ज्याला मार बसला त्याला काय करायचंय, काठी कुणाची अन् हात कुणाचा? धोंडुबाईच्या कोकरांना काय करायचंय, टिंबं कुणी दिली?

मग तो म्हणाला, नियम नऊची खालची वळ बघा की, तुमचीच हाय. मी विसरूनच गेले होते. 'खातं दुसऱ्याच्या हाती गेलं आहे असं मालकानं स्वतः होऊन कळवल्यास दोष कमी धरला जाईल. खातं मात्र बंद होईल.'

किती शहाणपणानं लिहिलं होतं! दुसऱ्यासाठी लिहिताना माणूस लय शहाणा असतो.

१९ जानेवारी

मामंजींकडं डोंगल मागितला. आवाज कापत होता माझा. फौजदार राणूचा नाही कापत.

ते शेंगा सोलत बसले होते. हसले. तुला कोण काय बोललं का, म्हणाले, नाव सांग, बघतो त्याच्याकडं. मी म्हटलं, कुणी नाही, पण धोंडुबाईचा ठराव मागं घ्या, सही माझी आहे. ते म्हणाले, "तुज्या नावावर हाय म्हंजे तुजं झालं व्हय गं?" अगदी मायेनं म्हणाले. सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. संध्याकाळी बाजारातून माझ्यासाठी भजी आणली.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मला ताप आला की रात्रभर बाहेर खुर्ची टाकून बसणारा माणूस हा. ह्याच्यावर तक्रार कशी लिहायची?

रात्री पठाणकोटवरून धैर्यशीलचा फोन. ते म्हणाले, टेन्शन नको घेऊ, आबा करतायत ते चांगलंच करतायत. लॅपटॉप दिलाय की तुला, खेळ की.

खेळ की!

२१ जानेवारी

ब्लाउज शिवायला टाकते सांगून स्कूटी काढली आणि तालुक्याला पंचायत समितीत गेले. अर्ज कालच लिहून ठेवला होता. चार ओळी. माझी सही व डोंगल दीड वर्षापासून दुसऱ्याच्या हाती आहे. गायरानाच्या ठरावावरची सही माझी नाही. हे मी इतके दिवस कळवलं नाही हा माझा दोष. माझ्यावर जी काय कारवाई व्हायची ती करावी, पण ठराव थांबवावा.

मामंजींचं नाव लिहिलं नाही. हात धजला नाही.

खाली सही केली. साधी, टिंबांशिवाय. कितीतरी महिन्यांनी केली, माझ्या नावातला, 'क्रांती'तला 'क्र' जरा वाकडाच आला.

२३ जानेवारी

अर्ज परत!

क्लार्कनं फाईल काढली, माझा अर्ज आणि जुने ठराव शेजारी शेजारी ठेवले, आत साहेबांकडं जाऊन आला आणि कागद माझ्याकडं सरकवला. वर लाल शाईत शेरा. 'अर्जावरील सही कार्यालयातील सरपंचांच्या सहीशी जुळत नाही. सबब अर्ज परत.' खाली साहेबांची सही, गोल शिक्का, तारीख.

मी म्हटलं, अहो, मीच ती सरपंच. तो म्हणाला, असाल की, पण सही जुळाय पायजे.

बाहेर वडाखाली बसून रडले. लोक बघत होते, बघू दे. माझीच सही माझी नाही! नाकडोळे पुसले, कागद घडी करायला घेतला आणि पुन्हा वाचला.

सही जुळत नाही.

हे मी नाही म्हणत. हे साहेब म्हणतात. शिक्का मारून!

परत स्कूटीवर बसले तेव्हा हसू आवरत नव्हतं.

२५ जानेवारी

उद्या ग्रामसभा. आत्यांनी माझी निळी साडी इस्त्रीला दिली. त्यांना काहीच माहीत नाही.

२६ जानेवारी

झेंडा मी फडकवला. दोरी मामंजींनी हातात दिली.

मग सभा. मामंजी माझ्या खुर्चीवर. मागं चिंचेखाली धोंडुबाई, काठी टेकून. गायरानाचा विषय आला तसं ग्रामसेवक वाचायला लागले आणि मी उठले. मनातल्या मनात शिट्टी वाजवली, खरंच वाजवली, आणि म्हटलं, थांबा.

आधी अर्ज वाचला, मग शेरा वाचला. 'सही जुळत नाही' हे वाक्य दोनदा वाचलं.

मग पहिल्या रांगेतला नाथाजी, मामंजींचाच माणूस, म्हणाला, "मंग ह्यो ठराव कुनी केला?" मी म्हटलं, माझ्या नावावर आहे, दोष माझा. चौकशी माझी करा.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं नाही. खुर्चीवरून उठले, टोपी नीट केली आणि घराकडं चालू लागले. त्यांची पाठ मला बघवेना. ठराव चौकशी होईपर्यंत थांबवायचा ठरलं. धोंडुबाईनं काठी उचलली आणि मेंढरांकडं गेली. तिला कोकरं होती.

घरी आत्या म्हणाल्या, आमचा जलम गेला सही न करता, तुलाच काय सोनं लागलंय? लॅपटॉप कपाटात गेला. किल्ली मामंजींकडं. जेवायला बसले नाहीत ते.

२८ जानेवारी

फोनवरून बिरदेवला लिहिलं. फौजदार राणूचा लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती आहे, नियम नऊ, खालची ओळ, खातं बंद करा. त्यानं विचारलं, अक्का, खरंच? म्हटलं, खरंच.

मग प्रांजलला लिहिलं. चूक माझी झाली, तुझा दुसरा अर्ज मी वेळेवर वाचलाच नाही. सोनमला सांगितलंय, तू तशी नाहीस.

पोचलं. वाचलं नाही. सात तारखेला मी तरी कुठं वाचलं होतं!

२ फेब्रुवारी

दुपारी पंचायतीचा शिपाई केरबा दारात आला. दीड वर्षात पहिल्यांदा मामंजी कुठं हायत म्हणून विचारलं नाही. वही माझ्यापुढं धरली आणि खाली बघत म्हणाला, "सरपंच, सही."

माझ्याच चौकशीची नोटीस होती. केली.