नाताळच्या सकाळी थांबणारं चाक

अहो,

पत्र लिहायची आपल्याला सवय नाही. लग्नाआधी तुम्ही इकडून मला पाठवलेल्या पत्रांत हवामान असायचं आणि खाली सही. मीही तसंच उत्तर द्यायची. आज मात्र लिहायला बसले आहे, कारण बोलायला समोर तुम्ही नाही, आणि जे बोलायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होणार नाही.

तुमचं झाड काल वर आलं. बेसमेंटमधून.

थँक्सगिव्हिंगला मीनल, जावई आणि अन्या आले होते. निखिल बेलव्ह्यूहून आला, या वेळी एकटाच. तुम्ही गेल्यानंतरचा पहिलाच सण म्हणून सगळे माझ्याशी जपून बोलत होते. मला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नव्हते. मग जेवण झाल्यावर अन्या खाली गेली आणि तो लांब खोका छातीशी धरून वर आली. "आजी, हे आबांचं ट्री आहे? ओरिजिनल? ओ माय गॉड, लोक वेडे होतात यासाठी! धिस इज सो मिड-सेंच्युरी!"

ऐकताय ना? वेडे होतात म्हणे लोक! आता त्याची फॅशन परत आली आहे. ते अ‍ॅल्युमिनियमचं चंदेरी झाड, पातळ काचेचे गुलाबी-निळे गोळे, गाणाऱ्या पोरांच्या आकाराच्या मेणबत्त्या, झाडाखाली अंथरायचा कापसाचा बर्फ, अंगणातला आतून दिवा लागणारा प्लॅस्टिकचा सांता. सगळ्याचे फोटो काढून झाले. अन्याच्या मैत्रिणींनी फोनवर लाल बदाम पाठवले. तुमचं नाक किती वर चढलं असतं!

मी सोफ्यावर बसून बघत होते. त्या झाडाकडे बघून मला कधी आनंद झाला होता का, हे मला कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलं होतंत?

मी लग्न करून या देशात आले तेव्हा तुमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक कुकर होता आणि हे झाड होतं. मिसेस डॉयलनी दिलेलं. वूस्टरला त्यांच्या घरी तुम्ही विद्यार्थी असताना भाड्याने राहायचात, त्या तुम्हाला मुलासारखं वागवायच्या, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्या बाई मला न भेटताही पाठ आहेत. त्यांच्या घरचा पहिला नाताळ, बाहेर बर्फ, आत हे चकाकणारं झाड आणि त्याच्यावर लाल-निळा-हिरवा-पिवळा प्रकाश टाकत दिव्यापुढे फिरणारं ते रंगीत काचांचं विजेचं चाक. तुम्हाला घरची आठवण येऊन रडू फुटलं आणि त्यांनी तुमच्या हातात बशीभर बिस्किटं दिली. छान आहे गोष्ट. खरंच छान आहे. पण तुम्ही त्या गोष्टीतून पुढे बाहेरच आला नाहीत!

त्यांचे सगळे नियम आपल्या घरात आले. झाडावर दिव्यांची माळ घालायची नाही, शॉक बसतो. चमकीच्या झिरमिळ्या फेकायच्या नाहीत, एकेक काडीवर टांगायच्या. प्रत्येक फांदी आपापल्या कागदी पिशवीतून काढायची आणि त्याच पिशवीत परत घालायची. मी एका गणपतीत मखरामागे लावायला चार फांद्या मागितल्या होत्या. इथले बाकीचे मराठी लोक नाताळनंतरच्या सेलमधूनच मखराचं सामान आणायचे. मी म्हटलं, आपल्या घरात तर चांदीच पडली आहे. तुम्ही म्हणालात, "वाकतील." गणपतीला नाही म्हणालात हो! शेवटी मी ओव्हनची फॉइल चिकटवली.

दिवाळीत तुम्हाला ऑफिस असायचं. नाताळात आठवडाभर रजा असायची. यावरून मी बोलले की तुम्ही म्हणायचात, "अगं, मुलांना शाळेत वेगळं वाटायला नको." मुलांचं नाव पुढे केलं की माझं तोंड बंद.

पण हे सगळं मी गिळलं असतं. बायका गिळतातच. एक मात्र घशात अडकून राहिलं आहे आणि ते कोणतं, तुम्हाला माहीत आहे.

मीनल पहिलीत होती. निखिल अजून दुपट्यातून नुकता बाहेर आलेला. डिसेंबर लागला आणि सांगलीहून दादाचा फोन आला. शेजाऱ्यांकडून केलेला, अर्धा ऐकू येणारा. "आईचं काही खरं नाही. कुसुम, निघ."

मी बॅग काढली. तुम्ही बॅगेकडे बघितलंत आणि म्हणालात, "नाताळ होऊ दे. चोवीसला लॉसन जेवायला यायचाय. या वर्षी माझ्या बढतीचं ठरायचंय सगळं. घरात बाई नाही म्हणजे काय दिसेल ते? तेवढा एक दिवस काढ, मग मी स्वतः तुला विमानतळावर सोडतो."

तेवढा एक दिवस! मी ऐकलं. का ऐकलं, हे आज मलाच सांगता येत नाही. तेव्हा ऐकायचंच असतं असं वाटायचं.

चोवीसला मी पैठणी नेसले. कोंबडी भाजली, मला तिचा वास सहन होत नव्हता तरी. तुमचे साहेब आणि बाईसाहेब दारातून आत आले, त्यांनी झाड बघितलं आणि दोघं हसले. आठवतं? बाई म्हणाली, "ओह, हाऊ फनी! माझ्या आईकडे होतं असलं. आम्ही कधीच कचऱ्यात टाकलं." आणि लॉसन म्हणाला, "आता खरं झाड आणा ना, यू आर इन अमेरिका."

तुम्हीही हसलात. त्यांच्याबरोबर, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. मग बर्फ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आलात आणि फ्रीजचं दार उघडं धरून नुसतेच उभे राहिलात. मला तुमची दया आली. आपल्या आईला सोडून मी इथे कोंबडी वाढत होते आणि दया मला तुमचीच येत होती, बघा!

आपण इथे रात्रीचं जेवत होतो तेव्हा तिकडे सकाळ होती. त्याच सकाळी आई गेली. फोन आला तो आपल्या पंचविसाच्या सकाळी. मुलं पाकिटं फाडत होती, चाक फिरत होतं. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या हातावर हिरवा उजेड होता, मग पिवळा आला, मग लाल. ते थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

मी पोचले ती तेराव्याला. वहिनी म्हणाली, शेवटी दारात चाहूल लागली की त्या मान वळवायच्या. मी हे परत आल्यावर तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान खाली घातलीत आणि "चहा टाकू का?" म्हणालात.

त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण या विषयावर तुमच्या तोंडून एक अक्षर आलं नाही. "चुकलं माझं." दोनच शब्द होते हो!

उलट पुढच्या वर्षी काय केलंत? आदल्या दिवाळीला आईने कुणाबरोबर तरी नारिंगी जिलेटीनचे कागद पाठवले होते, कंदिलासाठी. मी त्याचा कंदील करून पोर्चमध्ये लावला होता. तिच्या हातून आलेली ती शेवटची वस्तू. ती गेल्यावर तो कंदील मी नीट घडी करून ठेवला. आणि तुमच्या चाकाची निळी काच तडकली, तर तुम्ही न विचारता त्या कंदिलाचा तुकडा कापलात आणि तिथे बसवलात! दोन प्लॅस्टिकच्या मध्ये, कमी वॅटचा दिवा लावून, अगदी इंजिनियरसारखा. मी दिवसभर भांडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "रंग छान आहे. ठेवून काय होणार होतं?"

मला वाटलं, या माणसाला काळीज नाही. खरं सांगते, कितीतरी वर्षं असंच वाटत होतं.

आता कालचं ऐका.

निखिलने झाड उभं केलं, अन्याने चाक लावलं. अजून फिरतं ते, थोडं कुरकुरतं. मग मीनल सहज म्हणाली, "अन्या, ट्वेंटी-फिफ्थला सकाळी बंद करायचं हं. बाबांचा रूल आहे."

मी म्हटलं, "मोटर गरम होते ना त्याची."

मीनलने हातातला गोळा खाली ठेवला. "नो, आई. मोटर नाही. सांगलीच्या आजीसाठी. यू डिडन्ट नो?"

"कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. मी लहान असताना. मी विचारलं, ख्रिसमसच्या दिवशीच का बंद? तर म्हणाले, आज आजी गेली. मी आईला जाऊ दिलं नाही. इट वॉज माय फॉल्ट, म्हणाले. आणि ऑरेंजवर थांबवायचे, तो आजीचा कलर म्हणून. पण तुला सांगू नको म्हणाले. यू वुड क्राय."

निखिल म्हणाला, "मलापण सांगितलंय. आय थॉट तुला माहितीये."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! सात वर्षांच्या पोरीला सांगितलंत. मुलाला सांगितलंत. त्या चाकालासुद्धा सांगितलंत, दरवर्षी. एक मीच तेवढी राहिले. मी रडेन म्हणून? मी रडत नव्हते असं वाटलं तुम्हाला? शेजारी झोपत होतात ना?

मुलांचे डोळे भरून आले होते. "हाऊ स्वीट ऑफ बाबा," मीनल म्हणाली. त्यांना ती तुमच्या प्रेमाची गोष्ट वाटते. असेलही. मला मात्र काल रात्रभर राग येत राहिला, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला तुमची इतकी आठवण आली की घर खायला उठलं. दोन्ही एकदम. यातलं कुठलं खरं, ते तुम्हीच ठरवा.

पंचविसाच्या सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन त्या खोलीत यायची. तुम्ही झाडापुढे हात मागे बांधून उभे असायचात. खोलीभर तो नारिंगी उजेड. आणि मी विचारायची, "मोटर गरम झाली का हो?" तुम्ही म्हणायचात, "हो." मग आपण चहा प्यायचो.

दरवर्षी मी विचारत होते की! दरवर्षी तुमच्यापुढे दार उघडं होतं. मी ट्रे घेऊन उभी होते, मुलं अजून उठलेली नसायची, कोण ऐकत होतं? "नाही कुसुम, मोटर नाही" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी भांडले असते, हो. कप आपटला असता. आणि मग कदाचित तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले असते. आपण दोघं मिळून आईसाठी उभे राहिलो असतो. ती सकाळ तुम्ही माझ्यापासून काढून घेतलीत. आईच्या शेवटच्या सकाळसारखीच. याला मी काय म्हणू?

चोवीसला सगळे परत येणार आहेत. इथली मंडळीही येतील, नेने काका-काकू, सगळे. मीनलने ठरवलंय की प्रत्येकाने बाबांच्या नाताळची एकेक गोड आठवण सांगायची. "आई, यू गो फर्स्ट," म्हणाली. मी हो म्हटलं आहे.

तर तुम्हाला कबूल करते ते एवढंच. झाड मी लावू देईन, प्रत्येक झिरमिळी एकेक काडीवर. मिसेस डॉयल सांगेन, बशीभर बिस्किटं सांगेन, तुम्ही रडलात ते सांगेन. आणि मग लॉसन सांगेन, बॅग सांगेन, मान वळवणारी माझी आई सांगेन. तुमची नाचक्की करायची म्हणून नव्हे. या घरातला नाताळ असा होता, तो जसा होता तसाच पोरांच्या हाती जाऊ दे. त्यांना जुनं आवडतं ना? मग सगळंच घ्या म्हणावं. आणि माफीचं मला विचारू नका. ती मागायची असते, मागितली तर मिळते.

पंचविसाच्या सकाळी चाक मी थांबवीन. नारिंगीवरच. चहा दोन कप आणीन, सवय आहे. अन्या लवकर उठते, ती येईल डोळे चोळत आणि माझाच जुना प्रश्न मला विचारेल, "आजी, मोटर गरम झाली का?"

मी नाही म्हणेन.

तुमची,
कुसुम
श्रूजबरी