टोन कोणाच्या बोटाने घातला

६ एप्रिल २०१३, शनिवार
क्लबची मीटिंग, कनाटा, बेसमेंट. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स पास झाल्यापासून पहिलीच. लोक एकमेकांना कॉलसाइनने, लायसन्सवरच्या अक्षर-आकड्यांनी, ओळखतात, नाव नंतर. आडनावाची गरजच नाही. मी यात आले ती निम्मी याचसाठी. उरलेली निम्मी, वादळात लाइट आणि फोन गेले तर कोणाच्या तरी कामी यावं म्हणून.

नवी हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, नेली होती. स्वस्तातली, चिनी. मॅन्युअल तीनदा वाचलं. ऑफसेट, स्क्वेल्च, टोन. कुठे काय भरायचं ते कळत नाही. टोनपुरतं कळलं: आपल्या बोलण्याखालून एक बारीक सूर जातो. टॉवरवरच्या रिपीटरला तो मिळाला तरच तो आपला आवाज उचलून गावभर पोचवतो.

साठेकाका भेटले. पुण्याचे, रिटायर्ड, क्लबमध्ये जुने. "दे इकडे. केबलबिबल कशाला, हाताने घालून देतो." बटणं दाबता दाबता, "आडनाव काय म्हणालीस?"
मी म्हणाले नव्हते. "मेश्राम."
"मेश्राम. म्हणजे नागपूरकडचे."
"हो."
"हां हां."
बोटं चालूच. हे हां हां मला शाळेपासून ओळखीचं आहे.

९ एप्रिल, मंगळवार
पहिली नेट. म्हणजे हवेवरची हजेरी, दर मंगळवारी. क्लब चालवणारा ग्लेन एकेकाला बोलावतो. सगळे स्पष्ट ऐकू आले. मी कॉलसाइन दिला. ग्लेन म्हणाला, "Anyone else?" पुन्हा दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दिला तर मध्येच सा.का. बोलायला लागले, हवामानाबद्दल.
योगायोग?

११ एप्रिल
बॅटरी फुल. बाल्कनीतून केलं, पार्किंगमधून केलं, बस स्टॉपवर बर्फाच्या ढिगावर चढूनसुद्धा केलं. एक बाई बघत होती. मला सगळ्यांचं ऐकू येतं. माझं कोणाला नाही.
सा.का.ना फोन. "नवीन लोकांचं असंच होतं ग. धीर धर." काय बिघडलं असेल, एक प्रश्न विचारला नाही. ज्याने रेडिओ भरून दिला त्याला एवढं तरी वाटावं की नाही?

१४ एप्रिल, रविवार
जयंतीचा कार्यक्रम. मी सूत्रसंचालन केलं. माइक होता, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. बरं वाटलं, मग उगाच रडू आलं.
घरी फोन केला. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे माझं सगळं बाबांना मोठंच वाटतं. रेडिओचं सांगितलं.
"तुले त्यायचं ऐकू येऊन राहिलं ना?"
"हो."
"मंग त्यायले तुझं काऊन नाही येत? मशीन भरून कोणं देल्लं?"
"एक काका आहेत. पुण्याचे."
बाबा लगेच, "जेवली का?"

१६ एप्रिल
दुसरी नेट. तेच.
ग्लेनचा ईमेल: मेमध्ये हॉस्पिटलसाठी सायकल राईड आहे. रस्त्यात कोणी पडलं तर चेकपॉइंटवरचा रेडिओवालाच मदत बोलावणार. तोवर एकदाही नेटवर ऐकू न आलेल्याला चेकपॉइंट मिळणार नाही. नियम बरोबरच आहे. पण हा चेकपॉइंट मला हवा आहे. पुढची नेट ही शेवटची संधी, त्यानंतर ग्लेन ड्यूटी लावणार.

२० एप्रिल, शनिवार
सापडलं.
मॅन्युअल पुढ्यात ठेवून एकेक मेनू उघडत गेले. अकराव्या मेनूतला टोन ऐकण्यासाठी, तेराव्यातला बोलण्यासाठी. सा.का.नी क्लबच्या चॅनलला अकराव्यात घातला आहे. तेराव्यात OFF. म्हणून मी सगळं ऐकत होते आणि रिपीटर मला दारातही उभं करत नव्हता.
घाईत होऊ शकतं, मान्य. पण त्यांनी आणखी दोन रिपीटर भरून दिलेत, लांबचे, तिथे आमच्यातलं कोणी बोलत नाही. ते दोन्ही बरोबर आहेत. चुकलं ते फक्त क्लबचं.
आणि क्लबचं चॅनल पहिलं भरलं होतं. आडनाव विचारलं तेव्हा तेच चालू होतं. मग बोट बोलण्याच्या नादात चुकलं, की आडनाव कळल्यावर...

चॅनल पुसलं. पुन्हा भरलं, स्वतः.

२३ एप्रिल, मंगळवार
कॉलसाइन दिला. ग्लेनने तो जसाच्या तसा परत म्हटला. "Good signal. Welcome."
लगेच सा.का.: "Very nice audio, young lady. What was the problem?"
सगळा क्लब ऐकतोय. मी म्हटलं, "A setting."
"Ah. These cheap radios."

२९ एप्रिल
चेकपॉइंट मिळाला. जोडीला सा.का. ग्लेनला वाटलं, दोघं एकाच भाषेचे, बरं पडेल.
सरळ विचारून टाकावं? "काका, मुद्दाम केलंत का?" नाही म्हणाले तर मला काय कळणार? आणि खरंच चूक असेल तर एका म्हाताऱ्या माणसाला मी काय म्हटलं असेन? पण हे सगळं माझ्याच मनाचं आहे असं म्हणून सोडायलाही मन तयार नाही. असं सोडत सोडतच बाबांची नोकरीतली सगळी वर्षं गेली.

५ मे, रविवार
राईड पार पडली. एकजण वळणावर घसरला, गुडघा फुटला. मी कळवलं, पहिल्या हाकेत पोचलं.
पण मला लिहायचं आहे ते सकाळचं. ग्लेनने आजच्यापुरतं वेगळं चॅनल दिलं, सगळे आपापल्या हँडीत भरत होते. सा.का.नी घरून थर्मासमधून चहा आणला होता, मला आधी दिला. मग हात पुढे केला. "दे, घालून देतो."
"तुम्ही सांगा काका, मी दाबते."
हात मागे घेतला. फ्रीक्वेन्सी सांगितली, ऑफसेट सांगितला. "आता टोन. मेनू अकरा."
मी थांबले.
"नाही नाही, तेरा. तेरा. माझं नेहमी होतं हे."
तेरा दाबलं.
तेव्हापासून एकच आठवायचा प्रयत्न करते आहे. अकरा म्हणून झाल्यावर ते स्क्रीनकडे बघत होते, की माझ्या तोंडाकडे.