कुत्र्याच्या गळ्यातला सदरा

१२ एप्रिल

सहा महिने भरले. डॉक्टरीणबाई ऑक्टोबरात म्हणाल्या होत्या, "सहा महिने थांबा, मग हवं तर पुन्हा प्रयत्न करा." त्यातलं "हवं तर" घरात फक्त मलाच ऐकू आलेलं दिसतंय. सकाळी दार उघडलं तर सासूबाई! हातात मेंढीच्या शेपटीची चरबी — भांडंभर.

"रोज गरम दुधातून घे पोरी. पोटाला ऊब लागते."

मी जनावरांची डॉक्टर. गर्भाशय या विषयाचा मला सरकार पगार देतं. तरी "बरं, अपा" म्हणून मुकाट प्याले. मग ओकले.

सातव्या महिन्यात गेली. मुलगी होती. एवढं वाक्य लिहायला सहा महिने लागले, म्हणजे प्रगती आहे.

आता प्रश्न एकच — पुन्हा की नाही? शेजारीण म्हणते, लगेच. आई फोनवर म्हणते, घाई नको, पण फार उशीरही नको. मिर्लान काहीच म्हणत नाही. नवरा आहे, अपांचा थोरला मुलगा आहे, त्याला हवंच असणार.

१४ एप्रिल

हवं.

१५ एप्रिल

नको. (अक्षर मात्र दोन्ही दिवशी ठाम!)

१९ एप्रिल

शोभा झाली. सगळ्या गावासमोर.

गुल्झातच्या — धाकट्या जावेच्या — बाळाचे चाळीस दिवस भरले. बाळाचा पहिला सदरा उतरवायचा, त्यात गोळ्या बांधायच्या, कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा. पोरं गोळ्यांसाठी पळतात. सदरा मात्र मूल हव्या असलेल्या बाईनं सोडवून घ्यायचा, म्हणजे तिचीही कूस उजवते. ती बाई कोण, हे मला न विचारता ठरलेलं. पोरांना अपांनी दम भरला होता — "बुरुलच्या आधी कुणी हात लावला तर याद राखा!"

"एजे, आक्तोश अगदी गरीब कुत्रा आहे हो," गुल्झात मला म्हणाली. "आपल्या पायानं चालत येईल तुमच्याकडे."

आक्तोशला मार्चमध्ये रेबीजची लस कुणी टोचली? मी! मानेवर गुडघा देऊन कुणी दाबलं होतं? मीच! मी पुढे झाले मात्र — शेपूट पायांत आणि कुंपणाखालून पसार. सदऱ्यासकट! त्याच्यामागे पोरं, पोरांमागे मी, नव्या बुटांत, "ये राजा, आज सुई नाही आणली!" असं ओरडत. मेंढवाड्यापाशी शेणात पाय घसरला. बसकण मारली ती थेट. कुत्रा टेकडीपलीकडे. हात दाखवून अवलक्षण!

"कुत्र्यालासुद्धा कळलं बाई," एक म्हातारी पुटपुटली. मग सगळ्याजणी एकदम चहा ओतायला लागल्या.

मिर्लान गाडी घेऊन कुत्रा शोधायला गेला. अंधार पडता पडता आला, रिकाम्या हातानं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाईट वाटलं असणार बिचाऱ्याला.

२१ एप्रिल

आक्तोश परतला. गळा मोकळा. अपांच्या मते सदरा कोल्हिणीनं नेला. छान! तिला तरी पिल्लं होऊ देत.

हे लिहिताना हसले आणि मग रडू आवरेना. तेव्हा लिहूनच टाकते, कशाची भीती वाटते ते. दुखण्याची नाही. दवाखान्याच्या त्या खोलीत सगळे एकदम गप्प झाले होते, त्याची. आणि तिसऱ्या दिवशी दूध आलं, त्याची. बाळ नसलं तरी येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. गायींना येतं हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून पहिली आले होते मी! आपल्यालाही येईल हे डोक्यात आलं नाही.

२८ एप्रिल

मेंढपाळ सादिक-आकेंनी वर कुरणात बोलावलं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं या खेपेला.

"डॉक्टरीण, शरदात हिला पुन्हा नराकडे सोडू ना?"

दात बघितले, कास चाचपली. "सोडा."

"भ्यायली तर नसेल?"

"अहो आके, मेंढी आहे ती!"

दोन मिनिटांत निकाल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! उतरताना अर्ध्या वाटेवर वाटलं, परत जावं आणि त्या मेंढीची माफी मागावी.

३ मे

ठरलं. हो!

कारण काही थोर नाही. गुल्झातच्या बाळाला घेतलं होतं, ते माझ्या खांद्यावर ओकलं, आणि पहिल्यांदाच छातीत कळ न येता मला नुसतं हसू आलं. भीती आहेच. पण हवंसं वाटणं तिच्याहून बोटभर जास्त भरलं. शिवाय मिर्लान. सहा महिने तोंडातून शब्द न काढता वाट बघतोय. त्याच्यासाठी एवढं तर करीन — त्यागमूर्ती मी!

लाघमान केलं, शेवया स्वतः ओढल्या. जेवताना म्हटलं, "करू या पुन्हा प्रयत्न."

त्यानं काटा खाली ठेवला. "गाडीचं तेल बघून येतो," म्हणाला आणि गेला.

तेल! तासभर झाला! बाईनं आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय सांगावा आणि माणसानं तेल बघावं!

४ मे

काल शेवटी भांडायला मीच बाहेर गेले. बॉनेट बंद. तो नुसता आत बसलेला. मी शेजारी बसले तसा त्यानं सीटखालून काढून माझ्या मांडीवर ठेवला — तो सदरा. चिखलानं माखलेला.

"आक्तोश त्या दिवशी सरळ गाडीत येऊन बसला. सदरा मीच काढून लपवला आणि त्याला तिथेच सोडून आलो."

"का?"

"मला नकोय, बुरुल. तुला हवंय असं वाटलं, म्हणून गप्प होतो."

"आणि मला वाटलं तुला हवंय!"

त्यानं सदऱ्यावरचा चिखल नखानं खरवडला. मग म्हणाला, "तू दवाखान्यात होतीस. बायका कबरस्तानात येत नाहीत. बाकी पुरुष सगळे होते, पण तिला मीच धरलं होतं. एवढीशी होती. पुन्हा नाही जमणार मला."

सहा महिने सगळ्या गावानं माझी चौकशी केली. चरबी पाजली, कुत्र्यामागे पळवलं. त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही. मी इथे त्याच्या वतीनं "हवंच असणार" लिहून मोकळी झाले होते!

५ मे

मला तिला दाखवलं नव्हतं. "बघू नकोस, विसरायला सोपं जाईल," अपा म्हणाल्या होत्या. आज पुलावासाठी गाजरं चिरताना विचारलं — कशी होती रे?

"तुझ्यासारखी," मिर्लान म्हणाला. "कपाळाला आठी. जाम चिडलेली."

केस होते. काळे, भरपूर. डावा कान दुमडलेला. मी विचारत गेले, तो सांगत गेला. दुसऱ्या बाळाचा विषय निघालाच नाही. अजून हिचंच विचारून झालेलं नाही.