यादीत नाव नसलेलं कॉलेज

८ जून २०२५, रविवार

वही, माफ कर. फार उशिरा हातात घेतलं तुला. फेब्रुवारीनंतर एक ओळ नाही. आधी गुडघा, मग मोनालीची बारावी, मग निकाल. निमित्तं पुष्कळ. खरं म्हणजे मनात लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. आजही नाही. पण कोणाशी तरी बोललं पाहिजे, आणि घरात ती सोय नाही.

सकाळी विहारात वंदना झाली. बाहेर चपला शोधत होतो तर वना आला. चार जणांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोलतो तो.

"लोटनभाऊ, नात कुठे घातली?"

"लिबरल आर्ट्सला."

"म्हणजे ड्रॉइंग का?"

लोक हसले. मी म्हटलं, ड्रॉइंग नाही, त्यात सगळे विषय असतात. तो म्हणाला, "बी.ए. म्हणा ना सरळ! त्र्याऐंशी टक्के घेऊन बी.ए.!" आणि लगेच पुढे, "तुमच्या साडूचा नातू प्रशीलपण तेच शिकतो ना? त्याच्या कॉलेजचा तर देशात नंबर आहे म्हणे."

म्हणे कशाला, आहेच. एकोणिसावा. मला तो आकडा माझ्या पेन्शनच्या नंबरापेक्षा जास्त पाठ आहे.

रुपचंद माझा थोरला साडू. मंदाच्या मोठ्या बहिणीचा, पुष्पाबाईंचा नवरा. धुळ्याला देवपुरात राहतो, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. मी नववी नापास. एस.टी.त हेल्पर लागलो, मग कंडक्टर, आणि गुडघा गेल्यावर जळगाव स्टँडच्या आरक्षण खिडकीवर बसवलं. सासरच्या प्रत्येक लग्नात त्याला खुर्ची, मला सतरंजी. चाळीस वर्षं हेच. तक्रार नाही म्हणतो मी लोकांना. आहे!

९ जून

मोनालीने काल पुन्हा समजावून सांगितलं. "आबा, तिथे एकच विषय धरून बसायचं नसतं. इतिहास घ्यायचा, सोबत गणित घ्यायचं, सोबत नाटक." मी म्हटलं, सरमिसळ. ती म्हणाली, "हो, चांगली सरमिसळ."

तिने दोन ठिकाणी अर्ज केला आहे. एक पुण्याच्या बाहेरचं मोठं विद्यापीठ. सगळी इमारत काचेची, मी फोटो पाहिला. तिथे तिची जागा पक्की आहे. दुसरं कोल्हापूरच्याही पुढे डोंगरात. कौलारू शाळेसारखं दिसतं. सगळी मिळून साठ-सत्तर मुलं. तिथे ती प्रतीक्षा यादीत आहे.

आणि तिला जायचं आहे कौलारूला! का, तर तिथल्या एक बाई बोलीभाषांवर काम करतात. मोनालीने अर्जासोबत निबंध लिहिला होता — आजी धुळ्याच्या माणसाशी वेगळं बोलते आणि यावलच्या माणसाशी वेगळं, त्यावर. मंदावर निबंध. मी वीस वर्षं गावोगावच्या लोकांना तिकिटं फाडून दिली, कोण कसं बोलतं ते मला विचारायचं होतं. असो.

हे कौलारू तिला कोणी सुचवलं? नानांनी. म्हणजे रुपचंदने.

११ जून

गोलाणी मार्केटला गेलो. तिथे हेमांगीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोनालीचा अर्ज मार्चमध्ये तिथेच भरला, आणि संपर्काला नंबर माझा दिला. समाधानचा, म्हणजे तिच्या बापाचा फोन शिफ्टमध्ये लॉकरला असतो, मी घरीच असतो, म्हणून असेल. मी हेमांगीला म्हटलं, कॉलेजांच्या याद्या काढून दे.

"आबा, कोणत्या याद्या? खूप असतात."

"सगळ्या."

तीन काढल्या. एका यादीत काचवालं अकरावं, दुसरीत चौतिसावं. तिसरीत नंबरच नाही, नुसतं 'तीस ते पन्नास'. हे काय झालं? नाशिक गाडी तीस ते पन्नासच्या दरम्यान कधीतरी सुटेल असं मी फळ्यावर लिहिलं असतं तर लोकांनी मला खिडकीतून ओढून काढलं असतं.

प्रशीलचं हैदराबादकडचं. पहिल्या यादीत एकोणीस, दुसरीत बावीस, तिसरीत तेही 'तीस ते पन्नास'. मी पहिली यादी ठेवली, बाकीच्या दोन तिथेच टाकल्या. हेमांगी हसली. "ज्यात आपण वर ती यादी खरी, नाही का आबा?" मी म्हटलं, तुझं काम कर बाई.

कौलारू तिन्ही याद्यांत नाही. खालून पाहिलं, वरून पाहिलं. नाहीच.

आता मला सगळा डाव दिसतो. स्वतःच्या नातवाला एकोणिसावा नंबर, आणि माझ्या नातीला बिननंबरी! ती अकराव्याला गेली तर प्रशीलच्या वर जाईल. ते कसं सहन होणार गुरुजींना.

१२ जून

रुपचंदचा फोन आला. मीच उचलला. सरळ विचारलं — यादीत नाव नाही, आणि तुम्ही पोरीला तिकडे ढकलता?

तो म्हणाला, "लोटनभाऊ, नंबरावर जाऊ नका. मी हैदराबादला गेलो होतो. प्रशीलच्या वर्गात नव्वद मुलं. वर्ष झालं, एकाही सरांना त्याचं नाव माहीत नाही."

ज्याच्या घरात नंबर आहे त्याला असं बोलता येतं. पोट भरलेला माणूस उपासाचे गुण सांगतो, तसं. मग म्हणाला, "मोनालीला द्या ना जरा." दिला. पाऊण तास बोलत होती. हसत होती. माझ्याशी बोलते तेव्हा 'आबा, जेवलात का' आणि 'आबा, गोळी घेतली का'. बस. मोठ्या गोष्टी नानांशी.

मंदा म्हणाली, "तुमले कसानी जळजळ व्हई राह्यनी?" म्हटलं, ॲसिडिटी.

१४ जून

आता मी काचवाल्याचा अभ्यास केला आहे. ग्रंथालयात किती पुस्तकं, वसतिगृहात किती खोल्या, परदेशातले किती मास्तर — सगळं एका कागदावर. जेवताना वाचून दाखवलं. समाधान मान खाली घालून जेवत राहिला. मोनालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, तुम्ही एवढं माझ्यासाठी काढलंत?" डोळे भरले होते तिचे. मला वाटलं, पटलं!

मग म्हणाली, "पण कौलारूमध्ये नंबर लागला तर मी तिकडेच जाणार हं."

१६ जून, सोमवार

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज आला. इंग्रजीत. पण वेटिंग आणि कन्फर्म हे दोन शब्द मी झोपेतसुद्धा वाचेन. बाकीचं अक्षर अक्षर लावलं. एक जागा रिकामी झाली आहे. मोनालीला मिळते आहे. १९ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या विद्यार्थ्याला.

चार वेळा वाचला. फोन उशीखाली ठेवला.

सांगणार आहे. आज नाही.

मंदाने दुपारी शिरा केला. कशाचा, विचारलं. "असाच." मला गोड वर्ज्य आहे हे माहीत असून वाटी पुढे केली. या घरात माझ्या तब्येतीची काळजी कोणाला नाही.

१७ जून

मोनालीने विचारलं. "आबा, मेसेज आला का काही?"

"कशाचा?"

"कॉलेजचा."

"नाही. बँकेचा आला एक."

"नीट बघा हं. संध्याकाळी परत विचारते." हसत होती. संध्याकाळी परत विचारलं. मी फोन हातात घेऊन बघितल्यासारखं केलं. नाही म्हटलं.

नववी नापास माणसाला इंग्रजी मेसेज कळला नाही — उद्या काही झालं तर हे म्हणता येईल. हे मनात आलं तेव्हा माझीच मला शिसारी आली. पण आलं.

१८ जून

आज तिने एकदाच विचारलं. हसली नाही.

मंदा मधेच बोलली, "पोर तुमले काय इचारी राह्यनी, नीट सांगा ना." मी ओरडलो. कारण नसताना. पोळ्या जाड झाल्यात म्हणून ओरडलो.

मी तिचं वाईट करतो आहे का? अकरावा नंबर म्हणजे वाईट? जगात कुठेही जा, नाव विचारतात लोक. मला आयुष्यभर विचारलं — किती शिकलात? एकदा तरी कोणी विचारलं का, काय शिकलात? कौलारूचं नाव सांगितलं तर विहाराच्या दारात वनासुद्धा तोंड वाकडं करेल. मी तिला त्या तोंडांपासून वाचवतो आहे.

असं लिहिलं खरं. पण यातलं अर्धं रुपचंदसाठी आहे. अर्ध्याहून जास्त.

१९ जून

साडेचारला ओट्यावर बसलो. फोन खिशात. मोनाली मेथी निवडायला माझ्याजवळ येऊन बसली. काडी बाजूला, पान बाजूला.

"आबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचं?"

"काही नाही. सहज."

पाच वाजले. समोरच्या घरात टीव्हीवर बातम्या लागल्या. ती उठली, मेथीची परात घेऊन आत गेली. देठं तशीच पडली होती. मी गोळा केली.

२० जून

लपवला. मुदत गेली. एवढंच.

२२ जून, रविवार

वनाला सांगितलं. काचवालं, देशात अकरावं. तो म्हणाला, "बापरे, म्हणजे प्रशीलच्या वर!" मोठ्याने म्हणाला, पाच-सहा लोकांनी ऐकलं. एक जण हात मिळवायला पुढे आला.

या दिवसाची मी वाट बघत होतो. घरी येऊन पडून राहिलो.

२४ जून

खिडकीवर सात वर्षं होतो. नियम होता — गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत आरक्षणवाला आला नाही तर जागा पुढच्याला. आगारातल्या साहेबाचा मेव्हणा एकदा बारा मिनिटं आधी येऊन उभा राहिला. भुसावळची एक म्हातारी यायची बाकी होती. मेव्हणा म्हणाला, ती येत नाही आता, द्या मला. मी दिली नाही. साहेबाने आत बोलावून झापलं, तरी दिली नाही. म्हातारी आली सात मिनिटं उरली असताना, तेव्हा मात्र जागा गेलेली होती, नियमाने गेली. मला दोन दिवस वाईट वाटलं होतं. परक्या बाईसाठी!

कोणाची जागा कधी दाबली नाही मी. एकाचीही नाही. म्हातारपणी दाबली ती नातीची.

मंदाने हाक मारली, "इतलं काय लिखी राह्यनात? भाकर थंडी व्हई गयी." उठलो नाही.

२६ जून

मोनाली चाळीसगावला गेली, सपनाकडे. आत्याने बोलावलं म्हणे. निघताना म्हणाली, "येते आबा. गोळी घ्या." मेसेजचं काही विचारलं नाही. गेल्या आठवडाभरात एकदाही विचारलेलं नाही. न विचारणं जास्त लागतं.

तो मेसेज मी पुसलेला नाही. दिवसातून दहा वेळा उघडतो.

रात्रभर विचार करून ठरवलं. कौलारूचे प्राचार्य रुपचंदच्या ओळखीचे आहेत. त्याने शब्द टाकला तर एखादी जागा अजून निघेल. त्यासाठी रुपचंदला सगळं सांगावं लागेल. त्याच्यासमोर उभं राहून, माझ्या तोंडाने. तो काय म्हणेल, पुष्पाबाई काय म्हणतील, पुढच्या लग्नात कोण कोणाच्या कानात काय सांगेल, सगळं दिसतं आहे. जातो तरी. उद्या सकाळची धुळे गाडी. मंदाला म्हटलं, साडूची तब्येत बघायला जातो. तिने काही न विचारता डबा बांधला.

२७ जून, धुळे स्टँड, दुपार

सांगितलं. सगळं. रुपचंदने मधे थांबवलं नाही. मग म्हणाला, "लोटनभाऊ, तिचा प्रवेश झालाय. सोळा तारखेलाच. तिला मेलवर तेच पत्र आलं होतं, तिने तासाभरात होकार कळवला." घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मी म्हटलं, मग मला रोज का विचारत होती?

"तुमचा नंबर तिने मुद्दाम दिला होता. ही बातमी आबांनी घरात आणावी, असं तिच्या मनात होतं. आम्हाला म्हणाली, ते सांगेपर्यंत कोणी बोलायचं नाही."

त्याने पाणी आणून दिलं. खुर्ची दिली. मला बसवेना.

आता स्टँडवर बाकावर बसून तिला फोनवर लिहिलं — मोनाली, मेसेज आला होता. मला कळला होता. मी लपवला. पाठवून पाऊण तास झाला. तिने वाचला आहे, तसं दिसतं. उत्तर नाही. जळगावची एक गाडी सोडून दिली.

पोरी, रागाव, काहीही लिही. पण कळव गं. लवकर कळव.