गालिच्यावरून उतरायचं नाही

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने जुळवतेस, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटलं. तरीही जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालतेस हे वाचून राग आला.

तू ये म्हणतेस, पण येऊ कशी? संध्याकाळ झाली की मी खिडकीजवळच्या खुर्चीत, समोर टॅब, मांडीवर पुस्तक. तिकडे परदेशात, मुलाकडे, तेव्हा सकाळ असते. चिरंजीव गोदामाचा ट्रक घेऊन बाहेर पडलेले असतात आणि सूनबाई इस्पितळाच्या धुलाईघरातली रात्रपाळी संपवून अजून बसमध्ये असते. मधला तासभर ठकी आणि गोटू घरात दोघंच. ठकीला सातवं लागलंय, गोटू चारचा. मला आपलं वाटायचं, नातवंडांना आजीच्या गोष्टींचा लळा लागलाय. परवा गोष्ट चालू असताना त्यांच्या दाराची घंटा वाजली. ठकी हळूच म्हणाली की दार उघडता येत नाही, बाबा बाहेरून कुलूप लावून जातात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही गोष्ट नसून राखण आहे.

मी चिरंजीवांना खडसावलं. तो म्हणाला की दुसरा काही मार्ग असता तर आपल्या पोरांना कोंडून जाण्याची हौस आहे का त्याला. सून दिवसपाळी मागते तर वरिष्ठ म्हणतात की रात्रपाळी जमत नसेल तर येऊ नका. मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता काढायलाच हवा, आणि त्यानंतर काही दिवस पडद्याकडे बघायचं नाही, म्हणतात. मी पुढची तारीख मागितली. ते वैतागून म्हणाले की दर वेळी तुम्ही हेच करता.

कळावे. लोभ आहेच, त्याला तुझ्या गुडघ्यासारखं कुरकुरू देऊ नकोस.

आक्का


१५ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेतल्या मुलांची वही तपासावी तसं तपासलं. अक्षर ओळ सोडून खाली उतरलंय, दोन ठिकाणी एकावर एक शब्द लिहिलेत. मुकाट्याने खरं सांग, पुस्तकातलं तुला दिसतं तरी का?

तुझा हा स्वभाव जुना आहे. सगळ्यांचं ओझं डोक्यावर घ्यायचं आणि मान दुखते म्हणून सांगायचंही नाही. पोरं कोंडलेली आहेत हे खरं, पण तूही कोंडलेलीच आहेस, आणि तुझ्या दाराला तर कुलूपही नाही. डोळे गेले की कसली राखण करणार आहेस? मी येते. तू ऑपरेशन करून घे, तोवर खुर्चीत मी बसेन. मला ऐकू कमी येतं, बोलता भरपूर येतं.

उलट टपाली होकार यावा. माझ्यावरचा लोभ थोडा कमी करून डोळ्यांवर वाढवावास.

तुझी धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मास्तरीण ती मास्तरीणच. हो, छापलेलं दिसत नाही. पानं नुसती उलटत असते, आवाज व्हावा म्हणून. गोष्ट मनातलीच सांगते.

पण तुझ्याने ते काम होणार नाही, रागावू नकोस. गोटू म्हणजे पायाला भिंगरी. गोष्ट रंगात आली की नेमका उठायचा, एकदा स्वयंपाकघरात जाऊन शेगडीचं बटण फिरवून आला. मी इथे खुर्चीत, पडद्यात हात घालून त्याला धरणार कशी? जीव नुसता टांगणीला. मग एक युक्ती काढली. त्यांचा तो लाल गालिचा म्हणजे नाव, आणि भोवती सगळी नदी. मी गोष्ट संपली असं म्हणेपर्यंत कुणी पाय खाली टाकला तर नाव बुडते आणि गोष्टीतले सगळे बुडतात. गोटू आता हलत नाही. ठकी तर त्याचा सदरा मुठीत धरून बसते. आई दारात आली की मी गोष्ट संपवते, एक मिनिटही आधी नाही. स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तू येऊ नकोस. ऑपरेशन शाळेच्या सुट्टीत बघू. लोभ ठेव, उपदेश आटप.

आक्का


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडून लिहवून घेतेय. माझं अक्षर आता मलाच दिसत नाही.

मंगळवारी भर गोष्टीत इथली वीज गेली. नाव भोवऱ्यात सापडली होती आणि पडदा काळा झाला. फोनचे आकडे मला दिसेनात. भिंत चाचपत जिना उतरून या बाईंकडे गेले. त्यांनी सुनेला फोन लावला, तो लागेना. शिवाय तिची बस वाटेत बंद पडली होती, हे मागाहून कळलं.

त्याच सुमारास तिकडे इमारतीतला आगीचा भोंगा वाजला. आग नव्हती, कुणाचा तरी पाव करपला होता. पण सगळे खाली पळाले. देखरेख करणाऱ्या माणसाने मोजणी केली, आमची दोघं नाहीत म्हणून आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. दोघं गालिच्यावर बसलेली. भोंगा कानठळ्या बसवत होता आणि ती बसलेली. गोटूची चड्डी ओली झाली होती. त्या माणसाने चला म्हटलं तर ठकी म्हणाली की येता येणार नाही, आजीने गोष्ट संपली असं म्हटलेलं नाही. शेवटी त्याने दोघांना उचलून नेलं. ठकी जिनाभर रडत होती, नाव बुडाली म्हणून.

धाकटे, खरी आग असती तर? दार बंद होतं ते मुलाने केलेलं. पण उघड्या दारातूनही माझी पोरं बाहेर पडली नसती, आणि ते मी केलं. त्यांना सांभाळतेय म्हणून मिरवत होते आणि त्यांना खिळ्यांनी ठोकून ठेवलं होतं. जेवण जात नाही.

त्या माणसाने मुलाची चांगलीच कानउघाडणी केली. कुलूप गेलं. आता तो तास त्या माणसाची बायको विणकाम घेऊन पोरांपाशी येऊन बसते. हे मुला-सुनेने आधी कुणाला विचारलंच नव्हतं, आणि मीही सुचवलं नव्हतं. खुर्ची माझीच असावी असं वाटत होतं की काय, कोण जाणे.

तू ये. डॉक्टरांची तारीख घेतली आहे. लोभ आहे का, हे आल्यावर तोंडाने सांग.

आक्का


२ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. शिवणवाल्या बाई याचा फोटो काढून लगेच तुझ्याकडे पाठवतील. आक्काचं ऑपरेशन नीट झालं, उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डाव्याने फारसं दिसत नाही. काळजी नसावी.

आज रविवार, तू घरी असशील. टॅब उपडा ठेवला होता, फक्त आवाज. गोष्ट आज ठकीने वाचायची असं दोघींचं ठरलेलं. ठकीने आधी दरडावून सांगितलं म्हणे की आजीने खुर्चीतून उठायचं नाही, खाली नदी आहे. मला काही ऐकू येत नव्हतं, पण आक्काचा चेहरा दिसत होता. बऱ्याच दिवसांनी तो सैल झालेला पाहिला. मग मध्येच तिने मला सांगितलं की आवाज गेला. इथलं घरातलं इंटरनेट बंद पडलंय, बाईंच्या फोनवरचं तेवढं चालू आहे.

त्याला आता बराच वेळ झाला. मी चहा केला, तो निवला. जेवायला ऊठ म्हटलं, औषधाची वेळ झाली म्हटलं. पाय वर घेऊन बसली आहे. एवढ्याशा पोरीचा खेळ तो, त्याचं काय मनावर घ्यायचं, असं मी म्हणाले. ती म्हणाली की भोंगा वाजत असताना पोरीने तो मनावर घेतला होता.

मी तिच्याशी वाद घालणार नाही. ठकीला शिवणवाल्या बाईंच्या फोनवर, मोठ्या आवाजात, तेवढं गोष्ट संपली म्हणायला सांग. तोवर मीही इथे शेजारी बसते.

तुम्हा सगळ्यांचा लोभ आहे तसाच राहो. पोरांना पापा.

तुझी मावशी

ता. क. घाई नाही. पण ठकीला सांग, आजी उतरलेली नाही.