गेली ती डिस्क

बाबा,

तुम्ही दूध आणायला गेलात तेवढ्यात हे लिहितेय. आईला आज घरी सोडताहेत, तिला आणायला निघाले.

आता तुमचा जीव भांड्यात पडेल. डिस्क गेलेली नाही. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या सॉकेटमधून तिला पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून नुसती टिकटिक करून गप्प बसायची. आखूड वायरने मागच्या सॉकेटला लावली, तर मुकाट्याने उघडली. तुम्ही बावीस वर्षं काढलेले लग्नांचे फोटो जागच्या जागी आहेत. आधी सगळे नव्या डिस्कवर उतरवून घ्या. मध्येच ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. भिडेखातर हो म्हणू नका.

दुसरं म्हणजे, काल वैतागून तुम्ही आत्याला फोन केलात आणि ‘गेली गं, पुष्कळ धडपड केली, पण काही उपयोग झाला नाही’ एवढंच बोलून ठेवून दिलात. तिला आईचं ऑपरेशन ठाऊक, डिस्कचं काहीच नाही. मगाशी ती स्टेशनवरून रडत बोलत होती. मी खरं काय ते सांगेपर्यंत तिचा फोन बंद पडला. दुपारी ती दारात असेल. दार तुम्हीच उघडा, आईला पाठवू नका.

आईला हे फोनवर सांगितलं, तर टाके धरून हसली. मग म्हणाली, ‘विचार त्यांना, माझ्यासाठी एवढी धडपड केली असती का?’

आम्ही पोचायच्या आत उत्तर तयार ठेवा.

धाकटी